एकाच घराच्या चार गोष्टी: कौटुंबिक उद्योगावर गुणात्मक संशोधन कसं करावं

कौटुंबिक उद्योगावर पहिल्यांदाच संशोधन करणारे विद्यार्थी अनेकदा एका मुलाखतीच्या प्रेमात पडतात. ती असते संस्थापकाची, नाहीतर सध्या गादीवर असलेल्या मालकाची. दोन-अडीच तास रंगलेली, किश्श्यांनी भरलेली. रंगणारच, कारण आपल्या उद्योगाची गोष्ट या माणसानं बँकेला, पत्रकारांना, नव्या कामगारांना आणि स्वतःच्या मुलांना इतक्यांदा सांगितलेली असते की ती घासूनपुसून लख्ख झालेली असते. विद्यार्थी ती टिपून घेतो आणि प्रबंधात ‘या उद्योगाचा इतिहास’ म्हणून तीच उतरते.

घर एक असलं तरी त्याची गोष्ट एक नसते, हे मला इथे मनापासून सांगायचं आहे. धंद्यात आलेला मुलगा, कधीच न बोलावलेली मुलगी, आपला हिस्सा विकून बाहेर पडलेला धाकटा भाऊ, तीस वर्षं हिशेब सांभाळणारे मुनीम, प्रत्येकाजवळ तीच घटना वेगळ्या रूपात असते. या गोष्टी कुठे जुळतात आणि कुठे फाटतात ते शोधणं हेच आपलं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका कारणासाठी आहेत.

पायरी १: प्रश्न ‘कसं’चा हवा

‘पिढी बदलल्यावर नफा वाढतो का?’ हा आकडेवारीचा प्रश्न आहे. त्यासाठी मुलाखती घेत फिरू नका. ‘गादी कुणाकडे जाणार हे घरात कुणाला, कधी आणि कसं कळलं?’ हा आपला प्रश्न.

दोन्हींतला फरक एका प्रसिद्ध अभ्यासावरून समजतो. लुईस गोमेझ-मेहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दक्षिण स्पेनमधल्या १,२३७ ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांची ५४ वर्षांच्या काळातली माहिती तपासली. सहकारी संस्थेत सामील झालं तर आर्थिक फायदा होता, धोकाही कमी होत होता. तरी कुटुंबाच्या मालकीचे घाणे बाहेर राहणं पसंत करत होते, कारण आत गेलं की कुटुंबाचा ताबा सुटत होता. पैशापलीकडे कुटुंबाला धंद्यातून जे मिळतं त्याला या अभ्यासानंतर ‘सामाजिक-भावनिक संपत्ती’ हे नाव रूढ झालं. आकड्यांनी इथवर आणून सोडलं. पण अशा एखाद्या घरात ‘नाही जायचं’ हे नेमकं कोण म्हणालं, जायचं होतं ते गप्प का बसले, हे आकडे सांगू शकत नाहीत. तिथून तुमचा अभ्यास सुरू होतो.

याच वेळी ‘कौटुंबिक उद्योग’ म्हणजे तुमच्या लेखी काय, तेही एका परिच्छेदात लिहून ठेवा. मालकीची टक्केवारी सांगून भागत नाही. चुआ, क्रिसमन आणि शर्मा या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा मला आजही पटतो: कुटुंब तो उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालावा या इराद्यानं घडवतंय आणि चालवतंय का, ते पाहा.

पायरी २: आधी घराचा नकाशा काढा

एकही मुलाखत घेण्याआधी दोन चित्रं काढा. हाताने, मोठ्या कागदावर.

पहिलं चित्र तीन वर्तुळांचं. रेनाटो टागियुरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ च्या सुमारास हार्वर्डमध्ये ते मांडलं. एक वर्तुळ कुटुंबाचं, एक मालकीचं, एक उद्योगातल्या कामाचं. तिन्ही एकमेकांत गुंतली की सात कप्पे होतात. कुटुंबातला, मालक आणि काम करणारा असा मधला कप्पा. कुटुंबातली, हिस्सा असलेली पण काम न करणारी व्यक्ती. काम करणारा पण अजून हिस्सा न मिळालेला मुलगा. घरचा नसलेला पण थोडे शेअर मिळालेला व्यवस्थापक. घरचा नसलेला, फक्त पगारावरचा माणूस. बाहेरचा गुंतवणूकदार. आणि ज्याच्याकडे ना हिस्सा ना काम, असा केवळ नात्याचा माणूस.

प्रत्येक कप्प्यात या घरातलं कोण बसतं ते लिहा. सगळे कप्पे भरतीलच असं नाही. जे भरलेत त्यांतून निदान एकेक जण बोलायला मिळाला पाहिजे. शेवटच्या कप्प्याकडे, केवळ नात्यातल्या माणसांकडे, संशोधक सहसा फिरकत नाहीत. त्यांना स्वतःलाही वाटत असतं की ‘आम्हाला काय विचारायचंय, आम्हाला त्यातलं काही कळत नाही’. तरीही जा. धंद्यातले निर्णय रात्री घरात कसे उतरतात ते याच माणसांनी पाहिलेलं असतं. कोण कोणत्या साली एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं त्याचे बाण काढा. हे बाण म्हणजे तुमचे मुलाखतीचे प्रश्न आहेत.

दुसरं चित्र जीनोग्रामचं. ही वंशावळच, पण नात्यांचा पोतही दाखवणारी. कुटुंब-उपचाराच्या क्षेत्रातून ती आली आणि मोनिका मॅकगोल्ड्रिक व रँडी गर्सन यांनी १९८५ साली तिच्या खुणा एका पुस्तकात पद्धतशीर मांडल्या. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, वाकडं नातं नागमोडी रेषेनं. ही नागमोडी रेष तुमच्या वहीतच राहू द्या. कुटुंबासमोर चित्र काढायचं असेल तर नुसती वंशावळ काढा आणि पेन त्यांच्या हातात द्या. कोण आधी काढलं जातं, कोण राहून जातं आणि मग ‘अरे हो, ती पण’ म्हणून घातलं जातं, ते पाहत राहा.

पायरी ३: किती उद्योग, किती माणसं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि तो इतका महत्त्वाचा नाही. अनेक उद्योगांची तुलना करून सिद्धान्त बांधायचा असेल तर कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये सुचवलेला ४ ते १० प्रकरणांचा, म्हणजे इथे उद्योगांचा, आवाका ठीक आहे. एकट्यानं, दोन वर्षांत, पदव्युत्तर प्रबंध करायचा असेल तर दोन घरं नीट करा. एक घरही चालेल, जर त्यातले सगळे कप्पे तुम्हाला उघडले असतील.

‘१२ मुलाखती पुरतात’ असं तुमच्या कानावर येईल. त्याचं मूळ ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या लेखात आहे. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखतींपैकी पहिल्या १२ मध्येच बहुतेक मुद्दे येऊन गेले, असं त्यांना दिसलं. पण तिथे सगळ्या स्त्रिया साधारण सारख्या परिस्थितीतल्या होत्या. आपण तर मुद्दाम वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्यांना गाठतो. त्यामुळे बाराचा आकडा इथे तसाच आणू नका. प्रत्येक मोठ्या घटनेबद्दल प्रत्येक कप्प्यातून ऐकून झालं आणि नवं काही येईना, की थांबा.

पायरी ४: दार कुणी उघडलं?

प्रवेश ओळखीनंच मिळतो. पण तुम्हाला आत घेणारा ज्या गटाचा, त्या गटाचे तुम्ही, असं घरातले बाकीचे धरून चालतात. थोरल्या मुलानं बोलावलं असेल तर धाकटा जपून बोलणार. यावर खात्रीचा उपाय नाही. दोन गोष्टी करता येतात. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना स्वतंत्र भेटून आपण कोण, कशासाठी आलो, अहवाल कुणाला मिळणार हे सारख्याच शब्दांत सांगा. आणि प्रबंधात प्रवेश कुणाकडून मिळाला ते लपवू नका.

मालक म्हणेल, ‘मी सांगतो ना सगळ्यांना, बोलतील ते.’ आभार माना आणि नम्रपणे नको म्हणा. मालकानं बोलायला लावलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे.

पायरी ५: आतली गोपनीयता

इथे सावकाश जाऊ, कारण या विषयात माणसांना खरी इजा होते ती इथेच.

नेहमीच्या संमतिपत्रात ‘तुमचं नाव उघड होणार नाही’ एवढं वचन असतं. उद्योगाचं नाव बदललं, गाव बदललं की बाहेरच्या वाचकापासून माणूस झाकला जातो. घरातल्यांपासून मात्र मुळीच नाही. पाच जणांच्या कुटुंबात ‘एक सदस्य म्हणाल्या’ एवढं वाचलं तरी बाकीच्या चौघांना कळतं. मार्टिन टोलिक यांनी २००४ साली या भेदाला नावं दिली: बाहेरची गोपनीयता आणि आतली गोपनीयता. हिमनगासारखं आहे हे. वरचा भाग नैतिकता समितीला दिसतो, खालचा दिसत नाही, आणि नातं फुटतं ते खालच्यावर आपटून.

म्हणून काय करायचं? संमती प्रत्येकाची वेगळी घ्या, वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत. तिथे स्पष्ट सांगा: ‘बाहेरच्यांना तुम्ही ओळखू येणार नाही याची काळजी मी घेईन. घरातले ओळखणार नाहीत असं वचन मात्र मी देऊ शकत नाही.’ हे ऐकून कुणी कमी बोललं तर बोलू द्या. मुलाखत संपल्यावर, रेकॉर्डर बंद करून, पुन्हा विचारा: ‘आत्ता जे बोललात त्यातलं काय घरच्यांनी वाचलं तर तुम्हाला अडचण होईल?’ सुरुवातीला सही करताना माणसाला आपण काय बोलणार आहोत ते माहीत नसतं, आता असतं. जे सांगतील ते त्याच क्षणी वहीत लिहा.

आणखी एक, आणि यात नवखे हमखास अडकतात. एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याला विचारायचं नाही. ‘ताई म्हणत होत्या की त्या बैठकीला त्यांना बोलावलंच नव्हतं, खरं का?’ हा प्रश्न म्हणजे चुगली आहे, मग तो संशोधनासाठी असला तरी. त्याऐवजी ‘त्या बैठकीला कोण कोण होतं?’ असं सगळ्यांनाच विचारा.

उलट बाजूनंही दडपण येतं. चहाच्या वेळी मालक सहज विचारतात, ‘मग, काय म्हणतायत आमचे चिरंजीव?’ उत्तर आधीच तयार ठेवा: ‘ते मी सांगणार नाही काका, आणि तुमचंही त्यांना सांगणार नाही.’ हसून म्हणा, पण म्हणाच. ‘काही विशेष नाही’ असंही म्हणू नका, कारण तेही एक उत्तरच आहे.

फाइलींना नावांऐवजी क्रमांक द्या आणि कोणता क्रमांक कुणाचा याची यादी दुसरीकडे, कुलपात ठेवा. ध्वनिफिती त्या उद्योगाच्या संगणकावर किंवा त्यांच्या वायफायवरून पाठवू नका.

पायरी ६: मुलाखत

मत विचारू नका, प्रसंग विचारा. ‘तुमच्या घरात निर्णय कसे होतात?’ असं विचारलं की ‘सगळे मिळून, एकमेकांना विचारून’ असं शोभेचं उत्तर मिळतं. ‘शेवटचा मोठा खर्च कोणता झाला? तो करायचं पहिल्यांदा कोण म्हणालं? तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असं विचारलं की माणूस खोलीत परत जातो, टेबल-खुर्च्या सांगायला लागतो आणि त्यातून निर्णय कसे होतात ते आपोआप दिसतं.

आधी एकेकट्याशी बोला. सामूहिक मुलाखत घ्यायचीच असेल तर ती शेवटी, आणि माहिती मिळवण्यापेक्षा ते एकत्र कसे बोलतात हे पाहण्यासाठी. कुणाचं वाक्य कोण पूर्ण करतं, बोलण्याआधी कोण कुणाकडे बघतं, ते टिपा.

मराठीत काम करणाऱ्याला एक सोय आहे जी इंग्रजीत काम करणाऱ्याला नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. एखादी सून ‘त्यांचा धंदा’ म्हणते, ‘आमचा धंदा’ म्हणते की ‘आपला धंदा’ म्हणते, यात ती स्वतःला कुठे उभं करते ते दिसतं. एकाच मुलाखतीत ती एकावरून दुसऱ्यावर गेली तर कुठल्या विषयाला गेली ते खूण करून ठेवा. म्हणूनच शब्दांकन मूळ भाषेत करा, कोडिंगही (म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची छोटी नावं देणं) मूळ भाषेतच करा. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी भाषांतर फक्त शेवटी निवडलेल्या अवतरणांचं. आधीच सगळं इंग्रजीत नेलं की दोन्हींच्या जागी एकच शब्द येतो आणि तुमचा पुरावा पुसला जातो.

पायरी ७: पाहणं आणि कागद

कचेरीत नुसतं बसायला मिळालं तर बसा. फील्ड नोट्स त्याच रात्री लिहा, उद्यावर ढकलू नका. पाहिलेलं एका बाजूला आणि त्यावर तुम्हाला काय वाटलं ते दुसऱ्या बाजूला.

कागदांत बैठकांची इतिवृत्तं, भागीदारीचे करार, शेअरची नोंदवही, वर्धापनदिनाची स्मरणिका, जुने फोटो हे सगळं येतं. स्मरणिका ही उद्योगाची अधिकृत गोष्ट असते, तिच्यात कोण नाही ते शोधा. मानववंशशास्त्रज्ञ सिल्व्हिया यानागिसाको यांनी इटलीतल्या कोमो इथल्या रेशीम उद्योगातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, २००२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. उद्योगाच्या सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात वडील आणि मुलगेच दिसतात, बायका मागे पडतात, हे त्यांनी दाखवलं. तुमच्या घरातही हे पडताळून पाहा. नोंदवहीतली सही आणि स्मरणिकेतला फोटो शेजारी ठेवले की पुरतं.

पायरी ८: कोडिंग, एका उताऱ्यावर

सांगून हे कळत नाही, करून कळतं. पुढचा उतारा मी शिकवण्यासाठी रचला आहे. एका उद्योगातल्या मोठ्या मुलीला विचारलंय, भावानं कारभार हाती घेतला तेव्हाचं सांगाल का?

‘तसं काही झालं नाही हो. म्हणजे, ठरलं वगैरे कुणी बोललंच नाही. मी परीक्षा देऊन घरी आले, तर बाबांच्या केबिनमध्ये दोन टेबलं. दुसरं दादाचं. आईला विचारलं तर म्हणाली, अगं, बसायला जागा नको का त्याला. मग मीही काही विचारलं नाही. आपलं हिशेबाचं काम मी करतच होते की, पुढे चार वर्षं.’

पहिल्या फेरीत तिच्याच शब्दांजवळ राहा. ‘ठरलं वगैरे कुणी बोललंच नाही’: निर्णय जाहीर न करता घडणं. ‘दोन टेबलं’: वस्तूवरून निर्णय कळणं. ‘बसायला जागा नको का’: मोठ्या निर्णयाला घरगुती कारण देणं, आणि ते आईनं देणं. ‘मीही काही विचारलं नाही’: न विचारण्यातला स्वतःचा वाटा. ‘काम मी करतच होते की’: काम आहे, पद नाही.

आता ‘आपलं’ हा शब्द पाहा. ‘आपलं हिशेबाचं काम’ म्हणजे आपल्या धंद्याचं काम, की ‘आपलं उगाच, सहज’ या अर्थाचं, कामाचं मोल कमी करणारं ‘आपलं’? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. ध्वनिफीत पुन्हा ऐका, आघात कुठे आहे ते ऐका. तरी कळलं नाही तर दोन्ही शक्यता मेमोत, म्हणजे विश्लेषण करताना स्वतःसाठी ठेवलेल्या टिपणात, लिहा, मनानं एक निवडू नका.

दुसऱ्या फेरीत हे कोड इतर मुलाखतींतल्या कोडांशी जुळवून थोडे वर उचलायचे. ‘मूक निर्णय’, ‘घरगुती भाषेत झाकलेला अधिकार’, अशी नावं तुमची, संशोधकाची. मग त्यांची मोठी मोळी. डेनिस जॉइया, केव्हिन कॉर्ली आणि एमी हॅमिल्टन यांनी २०१३ च्या लेखात हीच तीन पायऱ्यांची मांडणी दिली आहे आणि परीक्षकांना ती ओळखीची असते. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची २००६ ची सहा टप्प्यांची आशयसूत्रांची (मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे अर्थाचे धागे शोधण्याची) पद्धत नवख्याला जास्त सोपी जाते. कुठलीही एक घ्या. एनव्हिवो, अ‍ॅटलास, मॅक्सक्यूडीए ही सॉफ्टवेअरं कोड सांभाळतात, अर्थ लावण्याचं काम तुमचं. पैसे नसतील तर टॅगेट मोफत आहे.

पायरी ९: घटनांचा तक्ता

सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, आणि तिला लागतो फक्त एक मोठा कागद. आडव्या ओळींत घटना: दुसरं टेबल आलं, कारखाना हलवला, काकांनी हिस्सा विकला. उभ्या रकान्यांत माणसं, आणि शेवटचा रकाना कागदपत्रांचा. प्रत्येक चौकटीत त्या माणसानं त्या घटनेबद्दल काय सांगितलं ते दोन ओळींत.

वरच्याच उताऱ्याचं पाहू. समजा भाऊ म्हणतो, ‘बोर्डाच्या बैठकीत रीतसर ठराव झाला.’ वडील म्हणतात, ‘ते पहिल्यापासून ठरलेलंच होतं.’ इतिवृत्तात ठराव आहे, पण टेबल आल्यानंतर आठ महिन्यांनी. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. मुलीसाठी निर्णय टेबलाच्या दिवशी झाला, भावासाठी ठरावाच्या दिवशी, वडिलांसाठी तो मुलगा जन्मला तेव्हाच झाला होता. एकाच निर्णयाच्या तीन तारखा, हा तुमचा निष्कर्ष. खरी तारीख कोणती हे ठरवायला बसलात तर तो हातचा जाईल.

रिकाम्या चौकटीही वाचा. तिघांनी सांगितलेल्या घटनेचा चौथा उल्लेखच करत नसेल, तर दुसऱ्या भेटीत त्या काळाबद्दल मोकळा प्रश्न विचारा, घटनेचं नाव न घेता.

पायरी १०: पडताळणी

यव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेचे निकष मांडले आणि त्यात सहभागींना निष्कर्ष दाखवून घेणं महत्त्वाचं मानलं. कुटुंबात हे तसंच्या तसं करू नका. पूर्ण मसुदा सगळ्यांना पाठवणं म्हणजे सगळ्यांच्या मुलाखती सगळ्यांना वाचायला देणं. प्रत्येकाला फक्त त्याची अवतरणं आणि ती कोणत्या संदर्भात येणार तेवढं दाखवा. एकूण निष्कर्ष सांगायचे असतील तर ते दुसऱ्या उद्योगांच्या निष्कर्षांत मिसळून. एकाच घराचा अभ्यास असेल तर अवतरणं कमी करा आणि मधलं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहा.

ओळख लपवताना मुलीचा मुलगा करू नका. कोण मुलगी आणि कोण मुलगा यावरच तर अर्थ उभा आहे. उत्पादन बदला, शहर बदला, सालं दोन-तीन वर्षांनी सगळीच मागे-पुढे सरकवा.

अवतरणं परत दाखवल्यावर एखादी व्यक्ती म्हणेल, ‘हे टेबलाचं काढून टाका.’ तुमच्या प्रकरणातलं ते सगळ्यात चांगलं वाक्य असेल. काढा. तक्त्यात त्या चौकटीवर रेघ मारा, त्या वाक्यावर उभा केलेला निष्कर्ष दुसऱ्या कुठल्या पुराव्यावर उभा राहतो का ते पाहा, राहत नसेल तर तोही सोडा. मग त्या व्यक्तीला कळवा, की काढलं.